मल्लांची कालतुलना

मल्लांची कालतुलना : परस्परांशी कधीही न लढलेल्या, भिन्न काळांत होऊन गेलेल्या मल्लांच्या किंवा मुष्टियोद्ध्यांच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेचा निर्णय करण्याचा प्रयत्न. श्रीपती खंचनाळे श्रेष्ठ की हरिश्चंद्र बिराजदार, मारुती माने आजच्या गादीवर टिकले असते काय, यांसारखे प्रश्न महाराष्ट्रात तालमीच्या कट्ट्यापासून वृत्तपत्रांच्या स्तंभांपर्यंत सर्वत्र चर्चिले जातात. इंग्लंडमध्ये हेवीवेट (जड वजनाच्या) मुष्टियोद्ध्यांविषयी असाच वाद शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. वरवर पाहता ही केवळ रंजक चर्चा वाटते. तथापि मानसन्मान, निवृत्तिवेतन, स्मारके आणि क्रीडेतिहासातील स्थान ही सर्व अशा तुलनेवर अवलंबून असल्याने तिच्या पद्धतीचा विचार करणे आवश्यक ठरते.

धावणे, पोहणे, वजन उचलणे या प्रकारांत काळ वा भार हे बाह्य परिमाण उपलब्ध असते. धावपट्टी, पादत्राणे व कालमापक यांत सुधारणा झाल्या, तरी सेकंद हा सेकंदच राहतो. पूर्वी अनेक गावांत मारुतीच्या देवळापुढे उचलण्यासाठी दगडी गोटी ठेवलेली असे. आजोबा व नातू यांनी एकच गोटी उचलली, तर त्यांच्या बळाची तुलना काही अंशी तरी खरी ठरते, कारण गोटी बदललेली नसते. कुस्ती व मुष्टियुद्ध यांत मात्र मापदंड म्हणजे समोरचा प्रतिस्पर्धीच होय आणि तो प्रत्येक पिढीत बदलतो. ज्या मापाने मोजावयाचे तेच माप बदलत जाणे, हे या तुलनेतील मूळ दुखणे आहे.

नोंदींच्या अभावी स्मृती हेच माप मानले, म्हणजे काय होते ते रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर या तालुक्यांत चांगले दिसते. रायगड किल्ला महाड तालुक्यात असून पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव होय. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटाच्या माथ्याजवळ प्रतापगड आहे. तेथे १० नोव्हेंबर १६५९ रोजी झालेल्या भेटीचे वर्णन करणाऱ्या शिवभारत या संस्कृत काव्याचे कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपूर येथे दाखविली जाते. काव्ये, पोवाडे व मौखिक परंपरा यांनी या परिसरातील वीरांचे बळ पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवले. त्या परंपरेचे प्रयोजन प्रेरणा देणे हे होते, मोजमाप करणे हे नव्हते. म्हणून तीत वजन नाही, उंची नाही, लढत किती वेळ चालली याचा हिशेब नाही. प्रतापगडच्या प्रसंगात धिप्पाड देह व चपळ देह यांतील विरोध लोकांच्या मनावर खोल ठसला, हे मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. वजनदाराला हलक्याने जिंकावे ही श्रोत्यांची आवड मराठी मैदानांतही पुढे टिकून राहिलेली दिसते.

महाड तालुक्यातच शिवथरघळ असून समर्थ रामदासांनी दासबोधाची रचना तेथे केली, अशी परंपरा आहे. रामदासांनी बलोपासनेचा पुरस्कार केला आणि ठिकठिकाणी मारुतीची स्थापना केली. त्यांचे प्रसिद्ध अकरा मारुती मात्र घाटावर, आजच्या सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत आहेत आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य नामवंत मल्ल याच पट्ट्यातले. यात थेट कार्यकारणसंबंध शोधणे धाडसाचे ठरेल. कोल्हापूर व इतर संस्थानांचा राजाश्रय, दूधदुभत्याची व पुढे उसाची सुबत्ता आणि गावजत्रांतील मैदाने ही कारणे अधिक ठोस आहेत. घाटाखाली, कोकणच्या बाजूस, कबड्डीचा पगडा अधिक आहे.

कोल्हापूरच्या राजाश्रयाचे ठळक चिन्ह म्हणजे खासबाग मैदान. १९०२ च्या यूरोप प्रवासात रोम येथील प्राचीन रंगमंडल पाहून राजर्षी शाहू महाराजांना तशा मैदानाची कल्पना सुचली व १९१२ मध्ये ते खुले झाले. अशा मैदानांतील कुस्तीचे नियम थोडके होते. जोड ठरविताना वस्ताद व पंच दोघांचे अंग नजरेने जोखत. काट्यावरचे वजन निर्णायक नसे. वेळेचे बंधन नसे किंवा असले तरी सैल असे. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावणे, म्हणजे चितपट करणे, हाच विजय. गुण नावाची वस्तूच नव्हती. निकाल न लागल्यास कुस्ती बरोबरीत सोडविली जाई. परिणामी त्या काळच्या मल्लाची साधना दीर्घकाळ टिकणाऱ्या दमाची व एका निर्णायक डावाची होती.

गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लाव झ्बिस्को यांच्या दोन लढती या संदर्भात फार बोलक्या आहेत. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडन येथे ते गादीवर भिडले. झ्बिस्को वजनाने अधिक होता. आरंभीच खाली गेल्यावर त्याने पालथे पडून राहण्याचा बचाव स्वीकारला आणि सु. अडीच तासांनंतरही निकाल लागला नाही. आठवड्याने ठरलेल्या फेरलढतीस तो उपस्थित न राहिल्याने गामास विजयी घोषित करण्यात आले. पुढे जानेवारी १९२८ मध्ये पतियाळा येथे मातीवर पुन्हा गाठ पडली, तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चितपट केले. मल्ल तेच, पण एका लढतीस अडीच तासही अपुरे पडले, तर दुसरीस एक मिनिट पुरले. जमीन बदलली होती, दोघांची वये पन्नाशीच्या आसपास पोचली होती, आणि पालथे पडून राहण्याची सवड या वेळी मिळाली नाही. एकाच जोडीच्या दोन लढतींत एवढे अंतर पडते, तर अर्धशतकाच्या अंतराने झालेल्या दोन मल्लांना कल्पनेत एकत्र आणून ‘हा त्याला दहा मिनिटांत पाडील’ असे म्हणण्यास काय आधार उरतो?

वजनाचा प्रश्न : मुष्टियुद्धाच्या नोंदी दीर्घकाळ सलग ठेवल्या गेल्याने वजनाचा परिणाम त्यांत स्पष्ट वाचता येतो. १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे व तीन मिनिटांच्या फेऱ्या रूढ केल्या. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात जन्मलेला बॉब फिट्झसिमन्स १८९७ मध्ये जेम्स कॉर्बेटला हरवून हेवीवेट जगज्जेता झाला, त्या वेळी त्याचे वजन अवघे सु. ७६ किग्रॅ. होते. दोन वर्षांनी त्याला हरविणारा अमेरिकन जेम्स जेफ्रिझ त्याच्यापेक्षा सु. १७ किग्रॅ.ने जड होता. १९६३ मध्ये वेम्बली येथे कॅशस क्ले (नंतरचा मुहंमद अली) यास चौथ्या फेरीत खाली पाडणारा आणि पुढच्याच फेरीत भुवईच्या जखमेमुळे हरलेला हेन्री कूपर सु. ८४ किग्रॅ.चा होता. १९९९ मध्ये निर्विवाद जगज्जेता ठरलेला लेनक्स लूइस ११० किग्रॅ.चा, तर २०२० मध्ये डिऑन्टे वाइल्डरला हरविताना टायसन फ्यूरी सु. १२४ किग्रॅ.चा होता. फ्यूरीची उंची दोन मीटरांहून अधिक आहे.

फिट्झसिमन्स व फ्यूरी दोघेही ‘हेवीवेट’ असले, तरी त्यांच्यात एका सडपातळ माणसाचे वजन मावते. १९७९-८० च्या सुमारास हेवीवेटखालचा क्रूझरवेट हा नवा गट निर्माण झाला. त्याची मर्यादा प्रथम सु. ८६ किग्रॅ. होती, ती पुढे सु. ९१ किग्रॅ. झाली. या विभागणीनुसार कूपर आज हेवीवेटमध्ये बसतच नाही. तेव्हा ‘कूपर फ्यूरीसमोर टिकला असता काय’ हा प्रश्न दोन योद्ध्यांविषयीचा नसून दोन वजनगटांविषयीचा ठरतो आणि त्याचे उत्तर प्रश्न विचारण्यापूर्वीच ठाऊक असते. फेऱ्यांची संख्याही बदलली. १९३७ मध्ये वेल्सचा टॉमी फार जो लूइसविरुद्ध पंधरा फेऱ्या पुरत्या लढला व गुणांवर हरला. १९८२ मध्ये कोरियाच्या किम डुक-कू या मुष्टियोद्ध्याच्या मृत्यूनंतर जगज्जेतेपदाच्या लढती क्रमाक्रमाने बारा फेऱ्यांवर आणल्या गेल्या. अखेरच्या तीन फेऱ्यांसाठी राखून ठेवलेला दम हा ज्यांचा मुख्य गुण होता, त्यांना आजच्या नियमांत तो दाखविण्यास वावच नाही.

वजन सर्वस्व मानणे मात्र चुकीचे होय. मे २०२४ मध्ये रियाध येथे फ्यूरीला हरवून निर्विवाद जगज्जेता झालेला युक्रेनचा ओलेक्सांडर उसिक हा मुळात क्रूझरवेट गटातून वर आलेला, फ्यूरीपेक्षा बराच हलका योद्धा आहे. महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. नरसिंग यादव हे २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ७४ किग्रॅ. गटातील सुवर्णपदकाचे व २०१५ च्या जागतिक स्पर्धेत त्याच गटातील कांस्यपदकाचे मानकरी. त्यांनी २०११, २०१२ व २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी हा वजनदार मल्लांचा किताब जिंकला. आंतरराष्ट्रीय कसोटीवर उतरलेला मधल्या वजनाचा मल्ल राज्यातील जड मल्लांना भारी पडला, याचा अर्थ नरसिंग यांचे कौशल्य थोर होते, असा लावता येतो. त्या वर्षांतील जड मल्लांची गादीवरील तयारी अपुरी होती, असाही लावता येतो. बहुधा दोन्ही खरे असावे.

किताबांची साक्ष : महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेच्या विद्यमाने १९६१ पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा होत आली, पहिले मानकरी दिनकर दह्यारी. त्यापूर्वी १९५९ मध्ये दिल्ली येथे पंजाबच्या बंतासिंगला हरवून श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले आणि १९६० मध्ये तो मान गणपतराव आंदळकर यांनी मिळविला. एकच किताब अनेक दशके चालत आल्याने त्याच्या मानकऱ्यांची यादी हीच तुलनेची शिडी आहे, असा समज सहज होतो. चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार यांनी १९६७ ते १९७३ या काळात प्रत्येकी दोनदा हा किताब घेतला. विजय चौधरी यांनी २०१४ ते २०१६ असा तीनदा. म्हणून चौधरी दीडपट श्रेष्ठ, असे कोणी म्हणणार नाही. किताब तोच राहिला, पण त्यासाठीची लढत बदलली. अलीकडे माती व गादी या दोन विभागांतून स्वतंत्र विजेते निवडून त्यांच्यात अंतिम झुंज लावली जाते. गादीवरील कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असून ताबा मिळविणे, प्रतिस्पर्ध्यास वर्तुळाबाहेर ढकलणे, पाठ धोक्यात आणणे यांस गुण मिळतात. गुणांच्या आघाडीवर, पाठ न लावताही, विजय मिळतो.

यामुळे डावांचे मोलही पालटले. मातीत पाय रुततो, अंगाला माती लागून पकड घट्ट बसते; घिस्सा, ढाक यांसारख्या, अंगाला अंग भिडवून हळूहळू पेच आवळणाऱ्या डावांस ती अनुकूल असते. गादीवर घामाने अंग निसटते व हालचाल वेगवान होते, म्हणून झेप घेऊन पट काढणे हा प्रमुख डाव बनतो. मातीचा मल्ल गादीवर ‘मंद’ आणि गादीचा मल्ल मातीत ‘उथळ’ वाटतो, तो या कारणाने. जुन्या पिढीतील काही थोडे मल्ल दोहोंवर यशस्वी झाले व म्हणूनच त्यांची थोरवी तुलनेने निःशंकपणे सांगता येते. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकरांनी ९७ किग्रॅ.वरील गटात ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण व मुक्त प्रकारात रौप्य पदक मिळविले. मारुती माने यांनी ९७ किग्रॅ. गटात मुक्त प्रकारात सुवर्ण व ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळविले. कमरेखाली पकड निषिद्ध असलेला ग्रीको-रोमन प्रकार मराठी मातीला अगदी परका. त्यात हे यश मिळावे, याची चर्चा त्यांच्या मैदानी विजयांच्या मानाने फारच कमी होते. बिराजदार यांनी १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक पटकाविले. तथापि लोकस्मृतीत ते राहिले आहेत ते बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालला दिलेल्या पराभवामुळे. सतपालने पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत १०० किग्रॅ. गटात सुवर्णपदक मिळविले, हे ध्यानात घेता बेळगावच्या त्या कुस्तीचे वजन आणखी वाढते. समान प्रतिस्पर्ध्याच्या द्वारे दोन मल्लांना जोडण्याची ही रीत सर्वांत विश्वसनीय आहे. मात्र ती लगतच्या पिढ्यांपुरतीच चालते.

संघटनांच्या फुटीने किताबाची साक्ष आणखी दुबळी होते. मुष्टियुद्धात चार प्रमुख जागतिक संघटनांचे चार पट्टे असल्याने एकाच वेळी अनेक ‘जगज्जेते’ असतात. फ्रँक ब्रुनो १९९५ मध्ये त्यांपैकी एका पट्ट्याचा धनी झाला, पण फिट्झसिमन्स ज्या अर्थाने जगज्जेता होता त्या अर्थाने नव्हे. महाराष्ट्रातही नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन गटांनी दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरविल्या. फुलगाव येथे सिकंदर शेख व धाराशिव येथे शिवराज राक्षे विजयी झाले. पन्नास वर्षांनी कोणी त्या वर्षाचा रकाना भरू लागला, तर त्याने कोणते नाव लिहावे?

खाशाबा जाधव यांचे उदाहरण : कालतुलनेत जड वजनाला मिळणाऱ्या आंधळ्या अग्रक्रमाने कोणाचे नुकसान होते, हे खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६–८४) यांच्या चरित्रावरून कळते. कराड तालुक्यातील गोळेश्वर येथे जन्मलेले खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीचा फारसा सराव नसताना सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे ५७ किग्रॅ. गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवून कांस्यपदक जिंकले. जपानच्या शोहाची इशीकडून झालेल्या पराभवानंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएट मल्लाशी लढावे लागले, असे सांगितले जाते. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय आणि त्यानंतर भारताला कुस्तीतील दुसरे पदक मिळण्यास २००८ साल उजाडले. असे असूनही खुल्या मैदानात जड मल्लांच्या जोडीनंतर लागणाऱ्या हलक्या कुस्त्यांना जे दुय्यम स्थान असे, तेच दीर्घकाळ खाशाबांच्या वाट्यास आले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर, तोही मृत्यूनंतर सु. सोळा वर्षांनी मिळाला. आंदळकरांना तो १९६४ मध्येच लाभला होता. आंदळकर त्यास सर्वथा पात्र होते, याविषयी दुमत नाही. दोन सन्मानांतील हे अंतर मल्लांच्या योग्यतेचे नसून मोजणाऱ्यांच्या नजरेचे आहे.

कबड्डीतील तोच प्रश्न : महाड-पोलादपूर भागात हा वाद कुस्तीपेक्षा कबड्डीपटूंविषयी अधिक रंगतो आणि तेथेही अडचण हीच आहे. जुन्या हुतूतूत संजीवनी, गामिनी व अमर असे प्रकार होते. संजीवनीत बाद गडी पुन्हा जिवंत होई, गामिनीत सर्व संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच राही, तर अमरमध्ये तो मैदान सोडीतच नसे. चढाईची मर्यादा खेळाडूच्या दमाने ठरे. आता ती तीस सेकंदांची आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक स्पर्धेने तिसऱ्या निर्णायक चढाईचा नियम लोकप्रिय केला आणि मातीऐवजी गादी सार्वत्रिक होऊ लागली. अशा स्थितीत जुन्या चढाईपटूचे गुण व आजच्याचे गुण शेजारी मांडणे, म्हणजे मण व लिटर यांची बेरीज करण्यासारखे आहे.

तुलनेच्या पद्धती : काल्पनिक लढत ही सर्वांत लोकप्रिय व सर्वांत निरुपयोगी पद्धत होय. १९७० मध्ये गणकयंत्राच्या साहाय्याने रॉकी मार्सियानो व मुहंमद अली यांची लढत ‘ठरवून’ तिचा चित्रपट दाखविण्यात आला. अमेरिकेतील प्रतीत मार्सियानो जिंकला, तर यूरोपात दाखविलेल्या प्रतीत अली जिंकला. यंत्राला पुरविलेली माहिती आणि प्रेक्षकांची अपेक्षा यांपलीकडे त्यातून काहीही सिद्ध झाले नाही. आजही संगणकीय गुणांकन पद्धती लगतच्या लढतींच्या साखळीवर चालतात. साखळी जितकी लांब, तितकी चूक वाढते.

अधिक सयुक्तिक पद्धत म्हणजे प्रत्येक मल्लाचे त्याच्या समकालीनांपासूनचे अंतर मोजणे. तो किती वर्षे अजिंक्य राहिला, त्याने कोणास टाळले, परक्या प्रदेशात व परक्या नियमांखाली तो कसा लढला, आणि त्याच्या काळी एकूण किती मल्ल स्पर्धेत होते, हे प्रश्न विचारावे लागतात. यांपैकी शेवटचा प्रश्न सहसा विसरला जातो. गावोगाव तालमी भरलेल्या असताना मिळविलेले अग्रस्थान आणि तालमी ओस पडू लागल्यानंतर मिळविलेले अग्रस्थान यांत फरक आहे. उलटपक्षी आजच्या मल्लास उझबेकिस्तान, इराण, दागेस्तान येथील मल्लांशी झुंजावे लागते, हेही विसरून चालणार नाही. आहारशास्त्र, व्यायामयंत्रे व चित्रफितींचा अभ्यास यांमुळे आजचा मल्ल निरपेक्षपणे अधिक बलवान असण्याची शक्यता बरीच आहे. परंतु ते श्रेय काही अंशी काळाचे आहे आणि तेवढे वजा केल्याशिवाय उरलेले श्रेय मल्लाच्या नावे मांडता येत नाही.

महाराष्ट्रात या वजाबाकीस लागणारी सामग्री तुटपुंजी आहे. मुष्टियुद्धात लढतीपूर्वीचे वजन, फेरी व निकालाचा प्रकार यांची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बऱ्याच सातत्याने मिळते. मराठी मैदानांच्या बाबतीत जत्रेची छापील हस्तपत्रके, वृत्तपत्रांतील त्रोटक बातम्या आणि वस्तादांच्या आठवणी यांवरच भिस्त ठेवावी लागते. त्यांत इनामाची रक्कम हमखास आढळते, वजन व वेळ क्वचितच. बरोबरीत सुटलेल्या कुस्त्या तर बहुधा नोंदल्याच गेल्या नाहीत. वास्तविक तुलनेसाठी त्याच अधिक उपयोगी होत्या, कारण पाठ न लागलेल्या मल्लाला कोणी किती वेळ रोखून धरले, हे त्यांवरूनच कळते.